चर्चचे आवाहन, सोलापूरचे भाषण आणि आपले मत

रबाळ्यात एमआयडीसीच्या मागे, दगडखाणींच्या अंगाने वाढलेल्या वस्त्यांमध्ये आम्ही काम करतो. जालना, अहमदनगर, सोलापूर, बीड इथून आलेली ही माणसे. एका गल्लीत बुद्धविहार, दोन गल्ल्या सोडून पत्र्याच्या खोलीत रविवारची प्रार्थना. विहारात बसणारा आणि प्रार्थनेला जाणारा यांची आडनावे एकच, पुष्कळदा आजोबाही एकच. एक शाखा 1956 नंतर बुद्धाकडे आली, दुसरी त्याच्याही आधी मिशनच्या शाळेतून ख्रिस्ताकडे गेली. लग्नकार्यात आजही एका पंगतीला बसतात.

निवडणूक जवळ आली की त्या प्रार्थनेच्या खोलीत एक आवाहन वाचले जाते. मतदार यादीत नाव तपासा, मत विकू नका, शांततेत मतदान करा, जाब देणारा माणूस निवडा, देशासाठी प्रार्थना करा. आमचे काही तरुण कार्यकर्ते यावर हसतात. "पाद्री काय राजकारण शिकवणार?" असे म्हणतात. आमचे म्हणणे असे की हसण्याआधी या आवाहनामागचा इतिहास वाचा. त्या इतिहासात बाबासाहेब आहेत, आणि त्यात आपल्यालाही चार चपराका बसतात.

1 जानेवारी 1938. बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. 'जनता'च्या फेब्रुवारी 1938 च्या अंकात ते भाषण आले. येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे होऊन गेली होती, सगळे धर्म आपापल्या दारात पायघड्या घालून उभे होते. मिशनऱ्यांना आशा होती की बाबासाहेब आता स्तुतिसुमने उधळतील. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढून घेतले, असे ते म्हणालेही. पण पुढे त्यांनी जे ऐकवले ते सभेला झोंबले असणार. दक्षिणेतल्या ख्रिश्चनांत चर्चमध्येसुद्धा जात पाळली जाते, हे त्यांनी सांगितले. आणि मग मुख्य मुद्दा काढला. तुमच्यात मॅट्रिक झालेली मुले-मुली शेकड्यांनी आहेत, पण अन्यायाविरुद्ध उठतात ते आमचे अशिक्षित अस्पृश्य. तुमची मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की तो आपल्या संसारात मग्न. इतके शिकलात, पण तुमच्यातले न्यायाधीश किती, मॅजिस्ट्रेट किती? याचे कारण तुम्ही राजकारणाकडे पाठ फिरवली, तुमच्यासाठी बोलणारा आणि लढणारा कोणी नाही.

बाबासाहेबांचा हा सल्ला आजच्या आवाहनाच्या किती तरी पुढचा आहे. चर्च म्हणते मत द्या. बाबासाहेब म्हणाले राजकारणात उतरा. पहिल्यात तुम्ही मतदार राहता, दुसऱ्यात तुम्ही सत्तेचे दावेदार होता.

भारतातले चर्च उपदेशावर का थांबते? त्याचे एक कारण 1949 मध्ये आहे. 1935 च्या कायद्यात भारतीय ख्रिश्चनांना स्वतंत्र मतदारसंघ होते. संविधान सभेत ते सोडून देण्यात आले, इतकेच नाही तर राखीव जागाही सोडल्या. सभेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती, अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष, आणि धार्मिक अल्पसंख्याकांना राखीव जागा नकोत या बाजूने उभे. फाळणीनंतरचे वातावरण पाहता त्या निर्णयाला औदार्य म्हणा किंवा भीती म्हणा. परिणाम एकच झाला. ज्याच्याकडे जागा नाही त्याच्याकडे पत्रक उरते. आपल्याकडे पुणे करारानंतर निदान जागा उरल्या, मग त्या जागांवर कोणाचे चमचे बसले तो वेगळा हिशोब.

बरे, पत्रक काढले तरी सुटका आहे का? नोव्हेंबर 2017. गुजरात विधानसभेची निवडणूक तोंडावर. गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी पत्र काढले, राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करा. लगेच निवडणूक यंत्रणेची नोटीस. मे 2018 मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी लिहिले की राजकीय वातावरण अशांत आहे, लोकशाहीसाठी दर शुक्रवारी उपवास करा. दिवसभर वाहिन्यांवर गदारोळ, व्हॅटिकनचा कट वगैरे. त्याच वर्षी गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव यांनी संविधान धोक्यात असल्याचे लिहिले, पुन्हा तेच. त्याआधी 2014 मध्ये मुंबईत सेंट झेवियर्सचे प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून गुजरात मॉडेलची मानव विकासाच्या आकड्यांवर तपासणी केली, तर तक्रार झाली.

आता याच मुंबईतले दुसरे प्रकरण बाजूला ठेवून बघा. डिसेंबर 1987, विलेपार्ले पोटनिवडणूक. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू उमेदवार, बाळासाहेब ठाकरे प्रचारक, मते उघडउघड हिंदू म्हणून मागितलेली. उच्च न्यायालयाने 1989 मध्ये निवडणूक रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 ला ते कायम केले. ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला, पण तो आदेश निघायला 1999 उजाडले. आणि त्याच 11 डिसेंबरला त्याच न्यायालयाने मनोहर जोशींच्या खटल्यात काय म्हटले? पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल हे वाक्य धर्माच्या नावाने केलेले आवाहन नाही, ती फार तर आशा आहे. म्हणजे मोठ्या धर्माने राज्य मागितले तर ती आशा, आणि लहान धर्माने प्रार्थना केली तर आचारसंहिता. मित्रांनो, ही तराजूची दांडी नीट बघून ठेवा.

कायदा काय म्हणतो हे कार्यकर्त्याला पाठ हवे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 हा बाबासाहेब कायदामंत्री असताना संसदेत आला. त्याच्या कलम 123 मध्ये भ्रष्ट मार्गांची यादी आहे. पहिला लाच. दुसरा गैरवाजवी दबाव, आणि त्यात स्पष्ट लिहिले आहे की अमुक मत दिलेस तर देवाचा कोप होईल किंवा धर्मातून बहिष्कार पडेल अशी समजूत करून देणे हाही दबावच. तिसरा धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावाने मत मागणे. हे सगळे लागू होते उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीने वागणारा कोणी असेल तेव्हा. 2 जानेवारी 2017 ला सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवले की धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, त्याच्या नावाने मत मागता येणार नाही. तो खटलाही मुंबईचाच, 1990 च्या सांताक्रूझ निवडणुकीचा. तीन न्यायमूर्तींचे वेगळे मत मात्र आपण विसरू नये. जातीमुळे आणि धर्मामुळे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी त्या अन्यायाबद्दल निवडणुकीत बोलणे हेच लोकशाहीचे काम आहे, अशा आशयाचे ते मत आहे.

तेव्हा "मत विकू नका, जाब विचारा" असे पाद्री म्हणत असेल तर कायद्यात बसते. "अमक्याला मत दिले नाही तर नरकात जाल" असे म्हणाला आणि त्यामागे उमेदवार असला, तर नाही बसत. हाच नियम भंतेजींना, मौलानांना आणि सप्ताहातल्या महाराजांनाही आहे. महाराजांना कधी नोटीस गेल्याचे आमच्या वस्तीत तरी कोणी पाहिलेले नाही.

महाराष्ट्रात चर्चचा माणूस उपदेशावर न थांबता रस्त्यावर उतरला याचे मोठे उदाहरण वसईचे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी पट्टी बिल्डरांसाठी मोकळी होऊ लागली. टँकर गोड पाणी उपसून नेत होते, 1989 मध्ये नालासोपारा स्टेशनवर भरदिवसा एका बिल्डरला गोळ्या घातल्या गेल्या. दहशत म्हणजे काय हे तिथल्या माणसाला विचारावे. अशा वेळी 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून ख्रिस्ती आणि हिंदू गावकऱ्यांना एकत्र केले. मोर्चे अहिंसक ठेवले. धमक्या आल्या, ते हलले नाहीत. पुढे जुलै 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका गावांच्या डोक्यावर बसवली गेली तेव्हा गावे पुन्हा उठली, आणि काही महिन्यांत विधानसभेला विवेक पंडित अपक्ष निवडून आले. वर्षानुवर्षे एकाच घराण्याकडे झुकलेला मतदारसंघ मतपेटीतून फिरला. शांततामय निवडणुकीचा अर्थ गप्प बसणे नव्हे, हे वसईने दाखवले.

हेच दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून काहींनी विरोध केला. ज्ञानेश्वर-तुकारामांवर बोलणारा, बायबल सुबोध मराठीत आणणारा माणूस परका, आणि मराठी शाळा बंद पाडणारे आपले! असो.

पण आम्ही वसईकडे भाबडेपणाने बघत नाही. ते आंदोलन मुख्यतः जमीन असलेल्या शेतकऱ्यांचे होते, बागायतदारांचे. त्याच तालुक्यातल्या वेठबिगार आदिवासींसाठी लढायला वेगळी श्रमजीवी संघटना लागली. समाजशास्त्रात एक साधा प्रश्न विचारायला शिकवतात: नैतिक आवाहन करणारा कोणत्या पायरीवर उभा आहे? चर्चची पायरी नेहमीच खालची नसते. 1959 मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे निवडून आलेले सरकार शिक्षण विधेयक आणि जमीन सुधारणा घेऊन आले, तेव्हा त्याविरुद्धच्या 'विमोचन समरा'त कॅथलिक चर्च नायर सर्व्हिस सोसायटीच्या खांद्याला खांदा लावून होते. 31 जुलै 1959 ला ते सरकार बरखास्त झाले. तेव्हा मतपेटीचा आदर कुठे गेला होता? उलट फेब्रुवारी 1986 मध्ये फिलिपिन्सच्या बिशपांनी मार्कोसची निवडणूक लबाडीची असल्याचे पत्रक काढले, रेडिओ व्हेरितासने लोकांना रस्त्यावर बोलावले, आणि रणगाड्यांपुढे निःशस्त्र माणसे उभी राहिली. 25 फेब्रुवारीला मार्कोस पळाला. संस्था तीच. एकीकडे संस्थेच्या शाळा वाचवायच्या होत्या, दुसरीकडे लोकांचे मत.

आता जबाबदार नेतृत्वाचा प्रश्न चर्चलाच उलटा विचारू. भारतीय बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्यात कबूल केले की 1 कोटी 90 लाख कॅथलिकांपैकी सुमारे 1 कोटी 20 लाख दलित आहेत. बिशपांच्या खुर्च्यांवर मात्र ते बोटांवर मोजण्याइतके. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, झाला 27 ऑगस्ट 2022 ला. बाबासाहेबांनी सोलापुरात जे सांगितले होते ते कबूल करायला पाऊण शतकाहून जास्त काळ लागला. ज्या घरात बहुसंख्याकांना माडीवर जागा नाही, त्या घराने गल्लीला लोकशाही शिकवताना आवाज जरा खाली ठेवावा.

आणि सरकारने तरी काय केले? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद. आधी फक्त हिंदू दलित म्हणजे अनुसूचित जाती. 1956 मध्ये शीख आले, बौद्धांना केंद्रात 1990 उजाडावे लागले. मधल्या काळात आपल्या लोकांनी कागदावर काय लिहायचे म्हणून रात्री जागवल्या, त्या आठवणी घराघरात आहेत. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेरच. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हा परिच्छेद काढा म्हणून सांगितले, ते फाईलमध्ये गेले. ऑक्टोबर 2022 मध्ये के. जी. बालकृष्णन आयोग बसवला. म्हणजे आमच्या गल्लीतला बौद्ध भाऊ राखीव प्रभागातून उभा राहू शकतो, त्याच आजोबांचा ख्रिस्ती नातू नाही. त्याला फक्त पत्रक ऐकायचे आणि बोटाला शाई लावून घ्यायची. यावर आपल्या चळवळीत "आमचा वाटा कमी होईल" म्हणणारेही आहेत. 1990 च्या आधी आपल्याबद्दल हेच बोलले जात होते.

आमच्या नवी मुंबईचीच गोष्ट घ्या. 1992 ची महानगरपालिका. मे 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक बसला. कोरोना गेला, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की स्थानिक निवडणुका घ्या. पाच वर्षे गटार तुंबले तर जाब विचारायचा कोणाला? जबाबदार नेता निवडा म्हणणारे पत्रक वाचायला निवडणूक तरी हवी! या पाच वर्षांत ना चर्चने मोर्चा काढला, ना आपण. शांतता मात्र पुरेपूर होती.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की आता रक्तरंजित मार्ग सोडा, संविधानाच्या मार्गाने चला, आणि राजकारणात भक्ती आणू नका. आपण पहिले ऐकले. दुसऱ्याचे काय केले? 1957 च्या रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला बोटे पुरत नाहीत, आणि प्रत्येक तुकड्याला एक एक साहेब. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे फिरतात तेव्हा ती विहाराच्या गल्लीत आणि प्रार्थनेच्या गल्लीत सारखीच फिरतात. वाटणारा पोरगाही बहुतेक एकच असतो. निळा गमछा घातलेला असला की आपण त्याला ओळखत नाही असे दाखवतो.

म्हणून गेल्या वेळी आम्ही एक केले. प्रार्थनेच्या खोलीतल्या पास्टरांना भेटलो. त्यांनी आधी संशयाने बघितले, धर्मांतराबद्दल कोणी चौकशीला आले की काय म्हणून. बाहेर चपला काढून बसलो, त्यांच्या पत्नीने चहा दिला. सोलापूरच्या भाषणाची झेरॉक्स त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, 'नर्स' आणि 'मास्तर' या शब्दांवर थोडे हसले, त्यांची मुलगी नर्सच आहे. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर या, मतदार यादी घेऊन. पण तुमच्या विहारातही एक दिवस मला बोलवा."

यादी तपासली. दोन्ही गल्ल्यांत मिळून बरीच नावे गायब निघाली, कोणाचे भाड्याचे घर बदललेले, कोणाचे लग्नानंतर आडनाव बदललेले, काही तर जिवंत असून मयत. विहार कमिटीच्या बैठकीत पास्टरांना बोलवायचा विषय आम्ही मांडला आहे. तीन जण बाजूने, चार विरोधात, एक जण म्हणाला साहेबांना विचारून सांगतो.