सरखेलाचे निशाण, स्वस्तातले गलबत

आरमारप्रमुखाचे निशाण ज्या जहाजावर फडकते, ते जहाज ताफ्यात मुख्य समजले जाते. आंग्र्यांच्या आरमाराची स्मृती जपणाऱ्या कोकण-गोमंतकातील वाचकांस सरखेल हा शब्द नवा नाही. सरखेलाचे निशाण मिरविणाऱ्या अशा जहाजास इंग्रजीत फ्लॅगशिप म्हणतात, आणि पुढे भ्रमणध्वनी विकणाऱ्या कंपन्यांनी तोच शब्द आपल्या सर्वांत महागड्या व सर्वांत समर्थ यंत्रास लावला. इथपर्यंत ठीक होते. परंतु गेल्या दहा-अकरा वर्षांत बाजारात ‘बजेट फ्लॅगशिप’ असा एक जोडशब्द रूढ झाला आहे. त्याचा सरळ अर्थ करावयाचा तर ‘स्वस्तातला सरखेल’ असाच करावा लागेल. हा सरखेल कोठून आला, त्याने काय दिले आणि देताना हळूच काय काढून घेतले, याचा शोध पांढुर्णा व सौंसर या दोन गावांच्या अंगणात उभे राहून घ्यावा, असे आमच्या मनात आहे.

ही दोन गावे कोठली, असा प्रश्न गोव्याकडील वाचक विचारतील. नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी हा संत्र्यांचा व कापसाचा मुलूख आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड उभारून पांढुर्णा व सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिच्यामुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर गेले. सौंसरजवळच्या जामसावळी येथील पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनास विदर्भातून लोक येतात. घरोघरी मराठी बोलली जाते. तरीही १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात राहिली. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीचे तोंड भोपाळकडे आणि बाजाराचे नागपूरकडे, अशी ही स्थिती आहे. कागदावर ती क्षुल्लक वाटते; परंतु फोन बिघडला म्हणजे तिचा अर्थ उमगतो. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्यानंतर कित्येक वर्षे आलेला फोन उचलण्यासही पैसे पडत. ती पद्धत २००३ साली सुटली, आणि तोवर तालुक्याच्या गावी पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथचेच राज्य होते. संत्र्याचा भाव विचारण्यासाठी रात्री दर उतरण्याची वाट पाहत बूथबाहेर बसलेली माणसे आजही अनेकांच्या स्मरणात असतील.

आयफोन २००७ साली निघाला व अँड्रॉइड प्रणालीवरचा पहिला फोन २००८ साली. यापुढे फोन हे केवळ बोलण्याचे साधन राहिले नाही. तथापि उत्तम फोन आणि परवडणारा फोन यांच्यामध्ये जी दरी होती, ती सामान्य माणसाने ओलांडण्याजोगी नव्हती. २०१४ च्या ऑक्टोबरात आयफोन ६ भारतात आला तेव्हा त्याच्या सर्वांत साध्या प्रतीची किंमत ५३,५०० रुपये होती. त्याच वर्षीच्या जुलैत शाओमी या चिनी कंपनीने एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांस विकावयास काढला होता, आणि डिसेंबरात वनप्लस कंपनीने ६४ जीबीचा वनप्लस वन २१,९९९ रुपयांत आणला. आतील प्रक्रियक महागड्या फोनांच्या तोडीचा, पडदा मोठा, आणि मूल्य निम्म्याहूनही कमी. दुकानात मात्र तो मिळत नसे. ॲमेझॉनवर, तोही निमंत्रण हाती असेल त्यासच मिळे. पैसे देऊन वस्तू घेण्यासाठी निमंत्रणाची याचना करावी लागावी, हा प्रकार आमच्या पिढीस चमत्कारिक वाटला. परंतु तरुणांना त्यातच प्रतिष्ठा वाटली, आणि त्या प्रतिष्ठेला कंपनीस काहीच खर्च आला नाही.

या फोनची भारतातील पहिली महिनाभराची कहाणी बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण पुढच्या सर्व उणिवांचे बीज तीत आहे. वनप्लस वनवर सायनोजेन नावाच्या वेगळ्याच कंपनीची प्रणाली होती. त्या कंपनीने भारतापुरता एकाधिकार मायक्रोमॅक्सला देऊन टाकला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लसच्या विक्रीस काही दिवस मनाई झाली. त्याच महिन्यात खंडपीठाने ती उठविली. पुढे वनप्लसने ऑक्सिजन ओएस ही स्वतःची प्रणाली तयार केली आणि सायनोजेनच्या सेवा ३१ डिसेंबर २०१६ रोजी बंद पडल्या. ज्याने २१,९९९ रुपये मोजले होते, त्याच्या हातातील वस्तू तशीच होती. पण तिच्यामागचा शब्द दोन वर्षांत दोनदा बदलला होता. फोन विकत घेणे म्हणजे केवळ काच आणि धातू घेणे नव्हे, पुढे मिळावयाच्या सुधारणांचे वचनही विकत घेणे होय, ही गोष्ट त्या काळी फार थोड्या ग्राहकांच्या ध्यानात आली.

आमच्या भागात उभ्या बागेचा सौदा होतो. फळ झाडावर असतानाच व्यापारी बाग पाहतो, अंदाज बांधतो व पैसा ठरवितो. तो जाणता असतो. दर्शनी झाडांवर भुलत नाही, आतल्या ओळीत शिरून फांद्या हलवून पाहतो. तोच बागाईतदार फोन घेताना मात्र दर्शनी ओळ पाहून सौदा करतो, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. प्रक्रियकाचे नाव आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ही फोनच्या बागेतील दर्शनी झाडे होत.

सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. प्रक्रियक सर्वोत्कृष्ट घालावयाचा आणि किंमत निम्मी ठेवावयाची, तर उरलेल्या निम्म्याची वजाबाकी कोठे तरी होणारच. २०१५ च्या वनप्लस २ ची जाहिरात पुढच्या वर्षीच्या फ्लॅगशिपांचा काळ म्हणून झाली. त्यात फोन टेकवून पैसे देण्यास लागणारी एनएफसी सोय नव्हती आणि जलद चार्जिंगही नव्हते. शिवाय त्यातील स्नॅपड्रॅगन ८१० हा प्रक्रियक तापण्याबद्दल त्या वर्षी जगभर बदनाम झाला. सॅमसंगने आपल्या गॅलेक्सी एस ६ मध्ये तो न घालता स्वतःचा घातला. न्यायाने सांगावयाचे तर त्या वर्षी महागडे फोनही तापले. परंतु महागड्या फोनात उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था करावयास पैसा असतो. तापलेला प्रक्रियक स्वतःच वेग कमी करून घेतो, आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग नेमका वैशाखात नाहीसा होतो. ज्या गावी त्या दिवसांत पारा चाळिशीच्या वरच असतो, तेथे या उणिवेचे मोल पुण्या-बंगळूरपेक्षा अधिक आहे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा एकाएकी स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआयही आली. यानंतर खेड्यातही चांगल्या फोनची हाव उत्पन्न झाली, आणि ती अनाठायी नव्हती. पैसे, शिक्षण, पिकाची नोंद, लग्नाची पत्रिका, जामसावळीच्या आरतीचे चित्रण, सारे त्या एका पाटीत येऊन बसले. २२ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीत पोको एफ १ सादर झाला. मूल्य २०,९९९ रुपयांपासून, प्रक्रियक त्या वर्षीचा श्रेष्ठ असा स्नॅपड्रॅगन ८४५. त्याच प्रक्रियकाचा वनप्लस ६ तीन महिन्यांपूर्वी ३४,९९९ रुपयांस निघाला होता. पोकोची पाठ प्लास्टिकची होती. आमच्या मते तो दोष नव्हे, काचेच्या पाठीपेक्षा शेतात तीच बरी. खरी उणीव दिसत नव्हती. चित्रपट उत्तम प्रतीत दाखविण्यास लागणारे वाइडवाइन एल १ हे प्रमाणपत्र आरंभी त्यात नव्हते, आणि ते पुढे सुधारणेतून द्यावे लागले. प्रणालीही अँड्रॉइड ८.१ पासून १० पर्यंत पोचून थांबली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ज्याने संत्र्याची कलमे लावली, त्याची झाडे फळावर येण्याच्या आतच या फोनचे अधिकृत आयुष्य संपले होते. आणि ज्यांनी त्याच्या भावंडाची वाट पाहिली, त्यांना २०२० साली परदेशात निघालेला पोको एफ २ प्रो भारतात आलाच नाही असे पाहावे लागले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून मोबाईलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला होता. वीस हजारांतील सरखेलाचे दिवस तेव्हाच सरले, असे आम्ही समजतो.

मोठ्या कंपन्याही या बाजारात उतरल्या. सॅमसंगने ऑक्टोबर २०२० मध्ये गॅलेक्सी एस २० एफई भारतात आणला, तो आपल्या एक्सिनॉस ९९० या प्रक्रियकासह. पुढच्याच मार्चमध्ये त्याच नावाचा, परंतु स्नॅपड्रॅगन ८६५ व ५जी असलेला फोन येथेच विकावयास आला. पाच महिन्यांपूर्वी घेणाऱ्याने कोणता अपराध केला होता, ते आम्हांस कळले नाही. नाव वाचून खरेदी करणाऱ्यास यात मोठाच धडा होता.

आता दुरुस्तीविषयी. येथेच १९५६ ची सीमारेषा आडवी येते. आमच्या परिचयातील सौंसर तालुक्यातील एका बागाईतदाराच्या मुलाने हप्त्यांवर असा एक फोन घेतला. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. वर्ष उलटून गेले आणि एके सकाळी पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ उमटली. गावातील कारागिराने हात जोडले. हा पडदा आपल्याकडे येत नाही, म्हणाला. सीताबर्डीच्या दुकानात दुय्यम प्रतीचा पडदा मिळत होता, परंतु तो बसविला तर बोटाचा ठसा ओळखणार नाही, असे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितले. अधिकृत केंद्रात मुदत संपल्याचे कळले आणि खर्चाचा जो आकडा सांगण्यात आला तो नव्या फोनच्या किमतीच्या निम्म्याजवळ होता. भाग बाहेरून मागवावयाचा होता. नागपूरच्या तीन खेपा, जवळजवळ तीन आठवडे, आणि ते दिवस संत्र्याच्या तोडणीचे. सिमकार्ड आजोबांच्या बटणाच्या फोनात गेले, त्यावर यूपीआय चालेना, व्यापाऱ्याचे पैसे चुलतभावाच्या खात्यात घ्यावे लागले आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते येथे लिहिण्याजोगे नाही. हप्ते मात्र तारखेस कापले जात होते.

अशी रेघ एकाच घरी उमटली नाही. हिरव्या रेघेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की वनप्लसने भारतात काही जुन्या नमुन्यांच्या बाधित पडद्यांची बदली विनामूल्य करून देण्याचे मान्य केले. हे कंपनीच्या बाजूने नोंदविलेच पाहिजे. २०२४ साली दक्षिण भारतातील किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने अत्यल्प नफा व रेंगाळणारे हमीचे दावे यांची तक्रार करून १ मेपासून या कंपनीचे फोन विकावयाचे थांबवू, असा इशारा दिला. विक्रेत्यास चार पैसे सुटत नाहीत तेथे तो ग्राहकाच्या तक्रारीमागे धावत नाही, हे व्यापाराचे जुने शास्त्र आहे. किंमत कमी करताना दुकानदाराचा वाटा कापला गेला, आणि दुकानदाराबरोबर तक्रार ऐकून घेणारा कानही गेला.

या फोनांचे ऋणही मान्य करावयास हवे. ते नसते तर मोठ्या कंपन्यांनी आपली मूल्ये व अटी सुधारल्या असत्या, असे आम्हांस वाटत नाही. प्रणालीच्या सुधारणा दोन वर्षे मिळाल्या तरी धन्यता मानण्याचा काळ गेला. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले आहे. त्यावर कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र दिली जाते. बंधन मात्र युरोपातल्यासारखे नाही.

हिशेब साधा आहे. तीस हजारांचा फोन तीन वर्षे सुधारणा घेत असेल तर वर्षास दहा हजार पडतात. साठ हजारांचा सात वर्षे टिकला तर साडेआठ हजारांच्या आसपास. परंतु हा हिशेब ज्याच्याजवळ आज साठ हजार आहेत त्याच्यासाठीच. ज्याच्याजवळ नाहीत, त्याने वेगवान प्रक्रियकाऐवजी ज्याचा पडदा नागपुरात हाताशी मिळतो असा वीस हजारांचा साधा फोन घ्यावा, किंवा गतवर्षीचा खरा फ्लॅगशिप उतरत्या दराने घ्यावा, असे आमचे मत आहे. दोन्ही वेळी खोक्यावरील नमुन्याचा अंक आणि सुधारणांची शेवटची तारीख स्वतः वाचावी.

सौंसरच्या त्या मुलाने फोन दुरुस्त करून घेतला आणि दोन महिन्यांत विकून टाकला. आता त्याच्याजवळ जो आहे तो काहीसा मंद आहे. व्हिडिओ उघडण्यास क्षणभर अधिक घेतो. घेण्यापूर्वी तो आधी गावातील कारागिराकडे गेला होता आणि एवढेच विचारले होते की, याचा पडदा तुझ्याकडे मिळतो का?