दाभोळ आधी बुडालं, एन्रॉन नंतर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी जो फाफटपसारा करतो तो बराचसा काढून टाकलाय. थोडा राहिला असेल, सांभाळून घ्या.

गोष्ट सुरू होते २००५च्या मे महिन्यात. मी दुसरीची परीक्षा देऊन आजोळी गेलो होतो, गुहागर तालुक्यात. रोज संध्याकाळी लाइट जायची. आजी कंदिलाची काच राखेने पुसायची आणि आम्ही सगळे ओटीवर येऊन बसायचो. एका संध्याकाळी आजोबांनी डोंगराकडे हात केला आणि म्हणाले, "त्या तिकडे केवढा मोठा कारखाना बांधलाय बघ, वीज करायला." मी विचारलं, मग तो चालू का करत नाहीत? आजोबा म्हणाले, "अरे, ते एन्रॉन आहे."

बस्स, एवढंच उत्तर. जणू त्यात सगळं आलं.

पुढे इंजिनिअरिंगला असताना एन्रॉन पुन्हा भेटली. हिशेबात घोळ करणारी, कर्जं लपवणारी, जगभर गाजलेली अमेरिकन कंपनी म्हणून. मी मनातल्या मनात जोडून टाकलं की कंपनी लबाड निघाली, बुडाली, म्हणून आपला प्रकल्प बंद पडला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आजही असंच वाटत असेल. पण तारखा लावून बघा. महाराष्ट्राने दाभोळची वीज घेणं थांबवलं २९ मे २००१ला. एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला २ डिसेंबर २००१ला. म्हणजे सहा महिने नंतर. लॉगमध्ये एरर आधी दिसतोय आणि ज्याला आपण कारण म्हणतोय ते नंतर घडलंय. मग खरं कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि ते सापडतं करारात. तो करार समजायला फार अवघड नाही, म्हणून आजचा भाग.

आधी एक छोटी दुरुस्ती. 'दाभोळ प्रकल्प' दाभोळात नाहीच. दाभोळ वाशिष्ठी खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, गुहागरच्या बाजूला, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या डोक्यावर. पण दाभोळ हे नाव जुनं आणि मोठं. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी भारत फिरून परतताना इथूनच होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजात बसला. १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या आल्मेइदाने हे बंदर लुटून जाळलं. म्हणजे परदेशी जहाजं, परदेशी पैसा, या खाडीला नवं नव्हतं. नंतर मात्र बंदर ओस पडत गेलं आणि कोकण मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगायला लागलं. माझे दोन्ही मामा गिरणगावात वाढले ते यामुळेच. तेव्हा कोकणात कुणी हजारो कोटी घेऊन येतोय म्हटल्यावर लोकांना आशा वाटली असेल तर त्यात चूक काय?

आता १९९१. परकीय चलनाची तिजोरी जवळपास रिकामी, अर्थव्यवस्था खुली होतेय, आणि वीज मंडळांकडे नवीन केंद्रं बांधायला पैसे नाहीत. केंद्र सरकारने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. आमिषही दाखवलं: केंद्र ६८.५ टक्के क्षमतेने चाललं तरी भांडवलावर १६ टक्के परतावा. १९९२च्या मे महिन्यात सरकारचं शिष्टमंडळ गुंतवणूकदार शोधायला परदेशात गेलं. जूनमध्ये एन्रॉनची माणसं इकडे आली आणि २० जूनला महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालाही. दोन हजार मेगावॉटच्या वरचा प्रकल्प, आणि सही व्हायला लागले काही दिवस. स्पर्धात्मक निविदा नाही, दुसरा देकार नाही. आमच्या ऑफिसात दोन लॅपटॉप घ्यायचे तरी तीन कोटेशन लागतात, मंडळी.

खरा वीजखरेदी करार झाला ८ डिसेंबर १९९३ला. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचे प्रत्येकी १०. पहिला टप्पा ६९५ मेगावॉट, दोन्ही मिळून २०१५. पुढे आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालायचं. मुदत वीस वर्षं.

आता करार कसा चालतो ते हॉस्टेलच्या मेसवरून सांगतो. समजा मेसवाला म्हणाला, महिन्याचे ३,००० रुपये ठरलेले, खा किंवा नका खाऊ. साठ वेळा जेवलात तर एक जेवण पन्नास रुपयांना पडलं. महिनाभर बाहेर फिरून वीसच वेळा जेवलात तर तेच जेवण दीडशेला. वर भाजीपाला बाजारभावाने, त्याचं बिल वेगळं. आणि ठरलेल्या पैशांचा मोठा भाग डॉलरच्या भावाशी बांधलेला. दाभोळचा करार साधारण असाच होता. केंद्र तयार ठेवल्याबद्दल स्थिर आकार, वीज घ्या अगर न घ्या. इंधनाचा खर्च जसा येईल तसा ग्राहकाच्या माथी. रुपया घसरला तर तेही आपल्याच माथी.

आणि जामीन? मुलाने पैसे नाही दिले तर बाप देईल, बापाने नाही दिले तर आजोबा देतील. वीज मंडळाची हमी महाराष्ट्र सरकारने घेतली, महाराष्ट्राची प्रतिहमी १९९४मध्ये केंद्राने दिली.

म्हणजे गंमत बघा. इंधन महागण्याचा धोका, रुपया पडण्याचा धोका, विजेला मागणी नसण्याचा धोका, हे तिन्ही आपल्याकडे. कंपनीकडे राहिलं ते केंद्र बांधणं आणि चालू स्थितीत ठेवणं. बांधकामाची जोखीम लहान नसते, मान्य. पण मला 'गुंतवणूक' या शब्दात धोका पत्करणं अपेक्षित वाटतं. इथे मुख्य धोका जो पत्करत होता त्याला कुणी गुंतवणूकदार म्हणतच नव्हतं. तो होता महिन्याचं वीजबिल भरणारा माणूस.

कुणाच्याच लक्षात आलं नाही असं अजिबात नाही. जागतिक बँकेने १९९३च्या एप्रिलमध्येच या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. कारण सरळ होतं: महाराष्ट्राची मागणी बघता इतकी महाग वीज दिवसरात्र घेणं परवडणार नाही, आणि घेतलीच तर आपली स्वस्त कोळशाची केंद्रं बंद ठेवावी लागतील. पुण्यात 'प्रयास' नावाच्या छोट्या गटाने करारातल्या आकड्यांची फोड केली. त्यातले गिरीश संत आयआयटी मुंबईत शिकलेले. या लोकांबद्दल मला फार आदर आहे. करार सुरुवातीला लोकांसमोर नव्हताच, बाहेर आलेल्या कागदांवरून त्यांनी गणित मांडलं. घोषणा न देता, तक्ते करून.

घोषणा दुसरीकडे होत्या. १९९५च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली. सत्ता आली, गोपीनाथ मुंडे यांची समिती बसली, आणि ३ ऑगस्ट १९९५ला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केला. कंपनी लंडनला लवादात गेली. नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. जानेवारी १९९६मध्ये तोच प्रकल्प परत आला, आणि आधीपेक्षा मोठा होऊन: ७४० आणि १४४४, एकूण २१८४ मेगावॉट. दर कमी केल्याचं सांगितलं गेलं. पण मूळ करारात आधी पहिल्या टप्प्याचंच बंधन होतं, दुसरा टप्पा आपल्या मर्जीवर होता. आता दोन्ही गळ्यात आले. इंधनाची आणि डॉलरची कलमं तशीच. मे १९९६मध्ये केंद्रात तेरा दिवसांचं वाजपेयी सरकार होतं. विश्वासदर्शक ठरावावर हरणार हे दिसत असताना २७ मेला मंत्रिमंडळाने प्रतिहमीला मंजुरी दिली, दुसऱ्या दिवशी राजीनामा. काँग्रेसच्या काळात सही, युतीच्या काळात फेरसही. पुढे वीज घेणं थांबवलं ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने. त्यामुळे या भागाखाली पक्षांवरून भांडणार असाल तर सगळ्यांना साहित्य मिळेल.

गावात काय चाललं होतं? जमीन गेली, पाण्याची काळजी होती, मासेमारी करणाऱ्यांना खाडीत गरम पाणी सुटेल अशी भीती होती. मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या. ३ जून १९९७च्या पहाटे वेलदूरच्या कोळीवस्तीत पोलीस शिरले आणि घरातून बायकांना ओढून नेलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९च्या अहवालात हे सविस्तर आहे, आणि बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती हेही आहे. आजी या विषयावर कधीच बोलली नाही. एकदाच म्हणाली, "त्या वर्षी बाजाराला जायलासुद्धा भीती वाटायची."

मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वायू यायचा होता, तोवर नाफ्था जाळायचा. आणि मग करारातल्या तिन्ही गोष्टी एकदम घडल्या. कच्चं तेल १९९८च्या अखेरीस बॅरलला बारा डॉलरच्या आसपास होतं, ते २०००मध्ये तिशीपलीकडे गेलं. करार झाला तेव्हा डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, २००१पर्यंत ४७ झाला. वीज महाग म्हणून मंडळ कमी घ्यायला लागलं, आणि कमी घेतली की स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन प्रत्येक युनिट अजून महाग. मेसचं गणित! काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला.

शेवटचा अंक मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. २८ जानेवारी २००१ला मंडळाने केंद्राला पूर्ण क्षमतेने वीज द्यायला सांगितलं. करारानुसार थंड अवस्थेतून तीन तासांत तिथपर्यंत पोचायला हवं होतं. पोचलं नाही. मंडळाने करारातलंच कलम काढून सुमारे ४०० कोटींचा दंड लावला. इतकी वर्षं ज्या कागदाने बांधून ठेवलं, त्यातली एक ओळ शेवटी आपल्या बाजूने निघाली! कंपनीने अर्थातच अमान्य केलं आणि फेब्रुवारीत थेट केंद्राची प्रतिहमी मागितली. त्याच महिन्यात सरकारने माधव गोडबोले यांची समिती नेमली. तिने एप्रिलमध्ये अहवाल देऊन आधीच्या सगळ्या सरकारांच्या निर्णयप्रक्रियेवर बोट ठेवलं. मे महिन्यात मंडळाने करार रद्द ठरवला, मग वीज घेणं थांबवलं. तेव्हा दुसऱ्या टप्प्याचं नव्वद टक्क्यांहून जास्त काम झालेलं होतं. त्यात भारतीय बँका आणि वित्तसंस्थांचे पैसे अडकले, म्हणजे फिरून आपलेच.

आजोबांनी मला दाखवला तो हा कारखाना. त्याच वर्षी, जुलै २००५मध्ये, एनटीपीसी आणि गेल यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी केंद्र हळूहळू जागं झालं. तरी इंधनाने पाठ सोडली नाही. देशातला वायू आटल्यावर २०१३मध्ये ते पुन्हा थांबलं. २०१५च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी थोडी क्षमता सुरू झाली. बाजूचं वायू उतरवायचं टर्मिनल २०१३ला चालू झालं, पण लाटा अडवणारा बंधारा अपुरा, म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात बंद. कोकणात, पावसाळ्यात. असो.

एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. एन्रॉननंतर राज्यात नवी वीजकेंद्रं उभी करण्याचं काम रेंगाळलं आणि पुढची काही वर्षं भारनियमनात गेली. 'नको' म्हणण्याचीही किंमत असते आणि तीही कंदील पुसणाऱ्यांनीच दिली. पण काही चांगलंही झालं. १९९९मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग आला, दरवाढीआधी जाहीर सुनावणी व्हायला लागली. २००३च्या वीज कायद्याने स्पर्धात्मक बोलीने वीज घेण्याची वाट करून दिली. दोन लॅपटॉपचा नियम वीजकेंद्राला लागू झाला म्हणा.

२०२५च्या जानेवारीत दावोसमध्ये महाराष्ट्राने १५ लाख कोटींहून जास्त रकमेचे सामंजस्य करार केल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या मामेभावंडांच्या ग्रुपवर कुणीतरी टाळ्यांचे इमोजी टाकले. मीही टाकले, खोटं कशाला बोलू. मामाचा मुलगा चिपळूणला नोकरी शोधतोय, त्याला घराजवळ काम मिळालं तर मला हवंच आहे. मग मी त्या ग्रुपवर विचारलं, यातल्या एकाचा तरी करार कुणी वाचलाय का? भाव कुठल्या चलनात आहे, मागणी नसेल तर पैसे कोण देणार, जामीन कोण? मामाने लिहिलं, "तू आलास की बोलू." गणपतीला जातोय. फेरीबोटीने दाभोळवरून धोपाव्याला उतरणार आहे, जमलं तर खाडीतल्या वाऱ्यासकट थोडं रेकॉर्डिंग करून आणतो.