शोधाचा हक्क व पोथीचा पुरावा

चाळीसगांवजवळील पाटणें येथील देवळांतला शके ११२८ चा शिलालेख संशोधकांस परिचित आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें सिद्धांतशिरोमणि इत्यादि ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला व निकुंभवंशीय राजांनीं त्यास उत्पन्न लावून दिलें, असें त्यांत नमूद आहे. कर्त्याचें नांव राखावें, विद्या मात्र अध्ययनास मोकळी असावी, ही त्या काळची रीत यावरून दिसते.

आजचें पेटंट ही मुदतीची सनदच होय. शोधकानें आपली कृति उघड लिहून द्यावी. मोबदल्यांत अर्जापासून २० वर्षें इतरांनीं ती त्याच्या परवानगीवांचून वापरूं नये, असा हक्क त्यास मिळतो. शोध नवा, जाणकारास सहज न सुचणारा व उद्योगोपयोगी पाहिजे. यास्तव शास्त्रज्ञानें निबंध छापण्यापूर्वीं अर्ज करावा. स्वतःचा छापील निबंधही नवेपणास बाधक होऊं शकतो.

नवेपणाचा निकाल कसा लागतो, हें हळदीच्या प्रकरणांत दिसलें. जखम भरण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मार्च १९९५ मध्यें मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असतांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ सालीं त्यास हरकत घेतली. आपल्याकडे घरोघर हळद लावतात, एवढें सांगून भागण्याजोगें नव्हतें. परदेशांतील नुसता वापर तत्कालीन अमेरिकन कायदा पुरावा मानीत नसे, छापील आधार लागे. परिषदेनें ३२ आधार दिले. त्यांत संस्कृत ग्रंथांचे दाखले होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांतील १९५३ चा निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्यें तें पेटंट नाकारण्यांत आलें.

संग्राहकांनीं यांतील मर्म ध्यानांत घ्यावें. भारतीय कायद्यांत २००२ च्या दुरुस्तीनें परंपरागत ज्ञान पेटंटास वर्ज्य ठरलें. तरी अमुक ज्ञान परंपरागत आहे हें दाखविण्यास आधार लागतोच. वैद्यकाचें किंवा रंगकामाचें बाड रुमालांत बांधलेलें आहे तोंवर अशा वादांत तें मुकें राहतें. छापिल्यानें त्यांतील कृति सर्वांस मोकळी होते हें खरें. परंतु पुढें कोणी एकटा तिजवर हक्क सांगूं लागल्यास त्यास उत्तर देतां येतें. यास्तव अशा प्रत्येक बाडाच्या पुष्पिकेंतील शक, लेखकाचें नांव व स्थळ टिपून घ्यावें, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेंत नोंद करावी, व मूळ पाठ मूळच्या शब्दांत प्रसिद्ध करावा. पाटण्याचा लेख आज बोलतो, तो शक व नांवें त्यावर कोरलेलीं आहेत म्हणूनच.