पंप वाढवून ओढ येत नाही

अनंत चतुर्दशीला पुण्यात मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून विसर्जन मिरवणूक निघते आणि ती संपेपर्यंत चोवीस तास उलटून गेलेले असतात. मंडळांचे रथ ओढणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांना त्यातले कितीतरी तास माणसाच्या चालीनेही जाता येत नाही. अशा कामाच्या, किंवा भाजी भरून दिवे घाट चढणाऱ्या जुन्या गाडीचं इंजिन बांधायला काढलं की सल्ला ठरलेला असतो: बोअर वाढवून घ्या, पंपाचं सील तोडून डिझेल वाढवा. जुनं इंजिन आहे, लोखंड जाड आहे, सोसेल.

हे मत अडाण्यांचं नाही. रोज हात काळे करणारे लोक ते सांगतात आणि त्यामागे त्यांचा अनुभव असतो, म्हणून ते मुळापासून तपासायला हवं.

आधी बोअर. टाटा 1210 मधलं 697 इंजिन घ्या. 1954 साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डाइमलर-बेंझशी केलेल्या करारातून जे घराणं आपल्याकडे आलं, त्यातलंच हे. सहा सिलिंडर, बोअर 97 मिलिमीटर, स्ट्रोक 128, एकूण 5675 सीसी. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर सीसी वाढतात जेमतेम एक टक्का. एवढा फरक चालवणाऱ्याच्या पायाला कळत नाही. बोअर करायचा तो झिजलेला, अंडाकृती झालेला सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी. ताकदीशी त्याचा संबंध नाही.

पंपाचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे समोरच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते. कंपनी डिझेलची कमाल मर्यादा राखून बांधते, त्यामुळे पंप थोडा वाढवला की कात्रजच्या चढावर गाडी खरोखरच उचल खाते. प्रश्न पुढचा आहे. एक किलो डिझेल जाळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये डिझेल-हवा पुरती मिसळायला वेळ मिळत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त लागते. टर्बो नसलेलं इंजिन ओढून ओढून किती हवा ओढणार? ती हद्द ओलांडली की काळा धूर येतो. जास्तीचं डिझेल उशिरा जळतं, त्याची आच पिस्टनच्या माथ्याला आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बसते. न जळलेलं डिझेल लायनरवरचा तेलाचा थर धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. बेअरिंग तिथून जायला लागतात.

शिवाय पंपाची कमाल मर्यादा कामाला येते ती फक्त अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. लक्ष्मी रस्त्यावर रथ ओढताना किती डिझेल द्यायचं ते पंपाचा गव्हर्नर ठरवतो. मिरवणुकीसाठी पंप वाढवण्याने ओढीत काडीचाही फरक पडत नाही!

आता ‘जुनं सोसतं’ याबद्दल. का सोसतं? पावणेसहा लिटरचं इंजिन शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर देतं म्हणून. त्याच आकाराची आजची टर्बो इंजिनं दुपटीहून जास्त देतात, पण त्यांचे पिस्टन खालून तेलाच्या फवाऱ्याने थंड ठेवलेले असतात, हवा इंटरकूलरमधून निवून येते. जुन्या इंजिनाला यातलं काही नाही. त्याच्याकडून कमी मागितलं जातं, हेच त्याच्या दीर्घायुष्याचं कारण. पंप वाढवणारा नेमकी तीच शिल्लक खर्चून टाकतो.

मग ओढ आणायची कुठून, असं कोणी विचारेल. गिअरमधून. तिसऱ्यावरून दुसरा टाकला की चाकावरची ओढ साधारण दीडपट होते. कुठलाही पंप इतकं देणार नाही. कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन घुमवत नेणं हा बेअरिंगवरचा सर्वांत वाईट मार.

पैसा घालायचाच असेल तर आधी पाण्यावर घाला. गाडी रांगत असते तेव्हा समोरून वारा नसतो आणि पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरतो. अशा वेळी रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत साचलेला क्षार घात करतो. तो साफ करून घ्या, पंख्याभोवतीचं कडं जागेवर आहे ना ते बघा. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय तर सोडायलाच हवी. त्याने इंजिन तापमानावर यायला उशीर लागतो, आणि थंड इंजिन जास्त झिजतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा: इंजिन बांधताना इतकं मापात काम कोणाला परवडतं? क्रँकचंच घ्या: ज्या गोष्टीवर त्याचं आयुष्य ठरतं ती जवळजवळ फुकट आहे. क्रँक घासताना जर्नल आणि बाजूची भिंत जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात गोलाई असते. वर्कशॉपवाले तिला रेडियस म्हणतात. ग्राइंडिंगच्या चाकाची कड नीट गोल केलेली नसली की कोपरा काटकोनी निघतो, पिळाचा सगळा ताण तिथे एकवटतो आणि बारीक चीर तिथूनच धरते. घासण्याचं माप दहा थाऊचं असो की वीसचं, बेअरिंग नवं असो की भारीतलं, ही चीर थांबत नाही. म्हणून क्रँक घासून आला की मायक्रोमीटर लावण्याआधी प्रत्येक कोपऱ्यातून नख फिरवावं. धार लागली तर तो तसाच परत पाठवावा, आणि रेडियस करून मिळेपर्यंत बेअरिंगचा खोका उघडू नये.