अचूकतेची किंमत

आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये अहोरात्र प्रथिनं जुळवली जात असतात. हे काम जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या कामासारखंच. वीस प्रकारचे खिळे, म्हणजे अमिनो आम्लं, घ्यायची आणि एकापुढे एक लावत जायची. त्यांतले दोन खिळे मात्र भारी फसवे : आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. व्हॅलिन एका कार्बनानं आणि दोन हायड्रोजननी लहान, एवढाच काय तो फरक. मोठा खिळा लहान खाचेत शिरणार नाही, हे ठीक. पण लहान खिळा मोठ्या खाचेत आरामात बसतो, त्याचं काय करायचं?

1950च्या दशकाच्या अखेरीस लायनस पॉलिंग यांनी नेमकी ही अडचण मांडली. एवढ्याशा फरकावर निवड करायची तर विसांत एखादी तरी चूक व्हायलाच हवी, असा साधारण हिशेब निघत होता. 1963 मध्ये रॉबर्ट लॉफ्टफील्ड यांनी प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा चुकीचं प्रमाण तीन हजारांत एक इतकंही भरेना. हिशेब बरोबर आणि पेशीही बरोबर, असं कसं?

उत्तर दिलं जॉन हॉपफील्ड यांनी, 1974 मध्ये. हे मूळचे घन पदार्थांचे भौतिकशास्त्रज्ञ. (2024 चं नोबेल त्यांना मिळालं ते वेगळ्याच कामासाठी, कृत्रिम मज्जाजालांसाठी.) 1975 मध्ये फ्रान्सच्या जाक निनिओ यांनीही स्वतंत्रपणे तोच विचार मांडला. हॉपफील्डनी त्याला नाव दिलं प्रूफरीडिंगचं. आमच्या धंद्यातलाच शब्द!

कल्पना अशी. खिळा एकदा पारखायचा, मग थोडं इंधन जाळून त्याला पुढच्या खोलीत ढकलायचं आणि तिथं निसटून जायची आणखी एक संधी द्यायची. चुकीचा खिळा सैल बसलेला, त्यामुळे तो दोन्ही ठिकाणी जास्त निसटतो. विसांत एक चूक असेल, तर दोन पारखण्यांनंतर ती चारशेत एकावर येऊ शकते. पण इंधन कशाला? तर ते जाळलं नाही, तर मधलं दार दोन्ही बाजूंनी उघडं राहतं, चुकीचे खिळे मागच्या वाटेनं थेट दुसऱ्या खोलीत शिरतात आणि दुसरी पारख फुकट जाते. दार एकाच दिशेनं उघडं ठेवण्याची ही किंमत आहे.

रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात कुराण म्हणणाऱ्या हाफिजच्या मागे अनेक मशिदींत दुसरा हाफिज मुद्दाम उभा करतात. तो महिनाभर रोज कान देऊन उभा असतो. तोंड उघडायची वेळ क्वचित येते, पण उभं राहावं लागतंच.

1976 मध्ये हॉपफील्ड आणि सहकाऱ्यांनी हा खर्च मोजला. योग्य आयसोल्युसिन जागेवर लावायला एटीपी या इंधनाचे सरासरी दीड रेणू लागले. आणि नजर चुकवून एक व्हॅलिन पुढे जाईपर्यंत 270 रेणू जळाले! म्हणजे पेशीनं पैसे मोजून कितीतरी व्हॅलिन बाहेर काढले, तेव्हा कुठे एक सुटला.

मग पेशी आणखी खर्च करून चूक शून्यावर का आणत नाही? मला सगळ्यांत भावतो तो हाच भाग. डीएनएची नक्कल करताना ती कंजुषी करत नाही. सगळ्या दुरुस्त्यांनंतर अब्जात एखादी चूक उरते, कारण ती चूक पुढच्या पिढ्यांत जाते. प्रथिनांत मात्र हजारांत किंवा दहा हजारांत एक चूक ती चालवून घेते.

क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचं. ते जिवाणूच्या जुळाऱ्याला, म्हणजे रायबोसोमला, चुका करायला लावतं, हे 1964 मध्ये डेव्हिस, गिल्बर्ट आणि गोरिनी यांनी दाखवलं. त्याला दाद न देणाऱ्या काही जिवाणूंचे रायबोसोम गरजेपेक्षा जास्त काटेकोर निघाले. ते योग्य खिळेही पुन्हा पुन्हा परत पाठवतात, इंधन उधळतात आणि जिवाणूची वाढ मंदावते. काहींची तर औषधावाचून वाढच होत नाही. ज्या स्ट्रेप्टोमायसिननं त्यांना मारायचं, त्यानंच त्यांचा जुळारी थोडा सैल होतो आणि काम पुढे सरकतं.