जुन्या घराच्या विटांच्या दरजा : सिमेंट की चुना?

मन्नाएखेळ्ळी : पावसाळा उलटला की जुन्या घरांची एक तक्रार ठरलेली असते. भिंतीवरून हात फिरवला की विटांच्या फटीतून माल भुरभुर गळतो, मुंग्या-विंचवांना तिथं आयतं घर मिळतं आणि न्हाणीच्या बाजूची भिंत ओल धरते. बिदर-कलबुर्गी असो की पलीकडचं उमरगा, निलंगा, देगलूर. गवंड्याला बोलावलं की उत्तरही ठरलेलंच : ‘सिमेंटनं पॉइंटिंग मारू, पुन्हा बघायचं काम नाही.’ चार-पाच पावसाळ्यांनी मात्र बघायची वेळ येते. सिमेंटची रेघ जशीच्या तशी शाबूत असते आणि मधली वीटच झिजून आत गेलेली असते. भिंत जाळीसारखी दिसायला लागते.

दोन विटांमधल्या सांध्याला आपल्याकडे दरज म्हणतात. शब्द फारसीतून आला, अर्थ शिवण. कपडे शिवणारा दर्जी त्याच शब्दाचा भाऊ. गवंडी तर इथं सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच, कन्नडमध्ये त्याला ‘गौंडी’ म्हणतात. चुन्याचा तेवढा ‘सुण्ण’ होतो.

शिवणीची उपमा इथं नेमकी लागू पडते. जुन्या सुती धोतराला नायलॉनचा दोरा घातला तर दोरा तुटत नाही, कापड फाटतं. भिंतीचंही तेच. जमिनीतून आणि पावसातून भिंतीत पाणी शिरतं, ते कुठून तरी बाहेर पडायला हवं. माती किंवा चुन्याची दरज सच्छिद्र असते, त्यामुळं ओल तिच्यातून सुकते. पाण्याबरोबर आलेला क्षारही दरजेतच फुटतो, आणि झिजायचीच तर दरज झिजते. ती पुन्हा भरता येते. सिमेंटनं तोंड बंद केलं की तीच ओल विटेतून बाहेर पडू बघते. क्षार विटेच्या पोटात साचतो, त्याचे खडे वाढतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. गावभट्टीतल्या जुन्या, कमी भाजलेल्या विटा यात आधी जातात. बिदरच्या पठारावरच्या जांभ्या दगडाच्या भिंतींनाही हाच नियम लागू, कारण जांभाही पाणी पितो.

म्हणजे दरज विटेपेक्षा नरम हवी. बाकी सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

गंमत अशी, की चुना आपल्या पायाखालीच आहे. घरोघरी अंथरलेली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच. ही चुनखडी आहे म्हणूनच वाडी, सेडम, मळखेड इथं सिमेंटचे कारखाने उभे राहिले, आणि त्याच सिमेंटनं गावातली चुन्याची घाणी बंद पाडली. त्याआधीची कामं बघायची तर बिदरला जावं. महमूद गवानचा मदरसा १४७२ सालचा, चुन्यात बांधलेला. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटानं त्याचा मोठा भाग उडाला, तरी जो उरला तो अजून उभा आहे.

आधी माल ओळखा

काम सुरू करण्याआधी आपली भिंत कशात रचलीय ते बघा. दरजेतला सुपारीएवढा तुकडा काढून ग्लासभर पाण्यात टाका. थोड्या वेळात विरघळून गाळ झाला तर ती माती. तसाच राहिला, पण नखानं किंवा खिळ्यानं पांढुरका चुरा निघाला, तर बहुधा चुना. खिळा नुसता घसरत असेल तर सिमेंट. आपल्याकडे बऱ्याच भिंती आत मातीत रचलेल्या आणि बाहेरून फक्त दरजा चुन्यानं भरलेल्या असतात, म्हणून वरचा थर बघून निर्णय घेऊ नये. दोन-तीन जागी खोलवरचा तुकडा काढावा.

भिंत मुळात सिमेंटच्या मालात रचलेली असेल, विटा पक्क्या असतील, तर सिमेंटचं पॉइंटिंग बिनधास्त करा. तिथं चुन्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. माती किंवा चुन्याच्या भिंतीला मात्र एक भाग चुना आणि तीन भाग बारीक चाळलेली वाळू हा साधा माल पुरतो. सतत पाणी लागणारी जागा असेल तर वाळूचा काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड घालावी. ती चुन्याला ओलीतही घट्ट व्हायला मदत करते. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायची जुनी रीत आहे, पण घराच्या दरजांसाठी तेवढा खटाटोप गरजेचा नाही. वाळू मात्र खारट नको, नाहीतर लोणा आपणच विकत आणल्यासारखं होईल.

कळीचा चुना विरवताना जपा. पाणी आधी, चुना नंतर, तोही थोडा थोडा. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून अंगावर येतो. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे घालावेत आणि पोरांना लांब ठेवावं. विरलेला चुना निदान तीन दिवस पाण्याखाली मुरू द्यावा. जितका जास्त मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

काम कसं चालतं

सुटा झालेला माल छिन्नी-हातोडीनं काढायचा. ग्राइंडर लावला तर काम लवकर होतं, पण विटांच्या कडा कापल्या जातात, आणि भाजलेल्या विटेचं कडक कातडं एकदा गेलं की आतली नरम माती उघडी पडते. जुनं सिमेंट काढताना तर फारच हळू हात हवा. न निघणारं सिमेंट विटेला धरून ओरबाडण्यापेक्षा तिथंच राहू दिलेलं बरं. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे बोटभर रुंद दरज असेल तर साधारण एक इंच. एवढी खोली न घेता वरूनच माल लिंपला तर तो पुढच्या उन्हाळ्यात पापडासारखा सुटतो. गवंडी घाई करतात ती नेमकी इथं, तेव्हा मालकानं स्वतः काडी घालून मोजावं.

मग ब्रशनं धूळ काढायची, वरून खाली पाणी मारायचं. भिंत ओली हवी, पण पाणी ओघळत नको. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि माल नुसता चुरा होतो. अरुंद थापीनं माल आत दाबून भरायचा, खोल असेल तर दोन थरांत. शेवटी दरज विटेच्या कडेपेक्षा जराशी आत ठेवायची. विटेवर माल चढवून रुंद पट्टे ओढायची हौस अनेकांना असते. दिसायला ठसठशीत, पण त्या कडेवर पाणी थांबतं.

चुना सिमेंटसारखा रात्रीत घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. त्यासाठी आठवडाभर तरी गोणपाट लावून हलकं पाणी शिंपडत राहावं लागतं. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करावं. एप्रिल-मेच्या उन्हात दरज भाजून निघते, पावसात धुऊन जाते.

सामान फार लागत नाही. इंचभर खोलीनं एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, तीस-चाळीस लिटर माल पुरतो. तीनेक घमेली समजा. खरा खर्च मजुरीचा, त्यातही जुना माल खरवडण्याचा. गवंड्याशी ठरवताना दर नुसता चौरस फुटावर न ठरवता खोलीही बोलून घ्या.

आणखी एक. दरजा भरल्यानं भिंत भूकंपाला टिकेल असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जी घरं कोसळली, त्यातल्या कितीतरी भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या : दोन बाजूंना दोन थर, मध्ये भराव, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वरून माळवदाचा भार. अशी भिंत पोट काढत असेल, कोपऱ्यात वरपासून खाली तडा गेला असेल, तर दरजा भरून तो झाकू नका. आधी इंजिनिअरला दाखवा. ओल पन्हाळीतून किंवा न्हाणीच्या मोरीतून येत असेल तर तीही आधी दुरुस्त करायची, नाहीतर नवा चुनाही तीन वर्षांत गळेल.

बिदर शहरात किल्ला, मदरसा किंवा पुरातत्त्व खात्याच्या दुसऱ्या संरक्षित वास्तूजवळ राहत असाल, तर छिन्नी हातात घेण्याआधी परवानगीचं बघा. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम बंद असलं तरी जुन्या घराची दुरुस्ती करता येते. त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.