मध्यरात्रीची भरती

काही वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या सुमारास एका शाळेचे शिबिर रायगड जिल्ह्यातल्या समुद्रकिनाऱ्यावर भरले होते. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. विज्ञानाचा माणूस म्हणून तंबूंची जागा ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. दिवस पौर्णिमेचा होता. दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती झाली, तेव्हा पाणी कुठवर चढते ते मुलांना दाखवले, तिथे एक काठी रोवली आणि तिच्यापासून पंधरा पावले वर तंबू ठोकले. पौर्णिमेची भरती म्हणजे उधाणाची. पाणी याहून वर येणार नाही, असे मी खात्रीने सांगितले.

रात्री साडेबाराला पाणी तंबूत शिरले. मुले लगेच जागी झाली, म्हणून कुणाला इजा झाली नाही. शिधा आणि अंथरुणे मात्र भिजली. वारा नव्हता, लाटाही मोठ्या नव्हत्या. मग माझे चुकले कुठे? उत्तर शोधताना लक्षात आले, की ही चूक फार जुनी आहे आणि ती सुधारण्याचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

पहिला धडा सिकंदराच्या सैन्याला आपल्याच उपखंडात मिळाला. इ.स.पू. ३२५ मध्ये त्याचे आरमार सिंधू नदीच्या मुखाशी पोचले. ओहोटी लागली आणि जहाजे कोरड्या जमिनीवर राहिली. हे सैनिक भूमध्य समुद्राकाठचे. तो समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्याने तिथे बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम फूटभर वरखाली होते. त्यामुळे पाणी गेले याचे त्यांना आश्चर्य वाटले आणि काही वेळाने ते परत आले तेव्हा त्याहून अधिक. एरियन हा इतिहासकार लिहितो, की चिखलात रुतलेली जहाजे पाण्याबरोबर अलगद तरंगली, पण टणक जमिनीवर कलंडलेल्या जहाजांची मोडतोड झाली.

दुसरा धडा ज्युलिअस सीझरचा. इ.स.पू. ५५ मध्ये तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. युद्धनौका त्याने वाळूवर ओढून घेतल्या होत्या. चार दिवसांनी पौर्णिमा होती. त्या रात्री वादळ आणि उधाणाची भरती एकदम आली, ओढून ठेवलेल्या नौका पाण्याने भरल्या आणि नांगरलेली जहाजे फुटली. पौर्णिमेला महासागराची भरती सर्वांत मोठी असते हे आमच्या लोकांना ठाऊक नव्हते, अशी कबुली सीझरने स्वतःच दिली आहे. पौर्णिमेच्या या उल्लेखावरून एडमंड हॅली यांनी सतराव्या शतकात सीझर उतरला तो दिवस गणिताने काढला.

हे दोन्ही धडे आपल्या कोळी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे किनाऱ्यावर कुणीही सांगेल. भरतीच्या वेळेचा आडाखाही सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. आणि तितक्याच वाजता, थोड्या फरकाने, पुन्हा रात्री किंवा दिवसा. आमच्या शिबिरात हा आडाखा बरोबर ठरला होता. पण तो भरतीची वेळ सांगतो, उंची सांगत नाही. दिवसाच्या दोन्ही भरत्या सारख्याच, असे मी गृहीत धरले होते. माझी चूक तिथे होती.

ही गोष्ट सीझरच्या सुमारे शंभर वर्षे आधी एका माणसाच्या लक्षात आली होती. त्याचे नाव सेल्युकस. तो आपल्या अरबी समुद्राच्या बाजूचा, इराणच्या आखाताजवळचा. त्याचे ग्रंथ उरलेले नाहीत, पण स्ट्रेबो या भूगोलकाराने त्याचे म्हणणे नोंदवले आहे. चंद्र विषुवाजवळच्या राशींत असताना भरत्या नियमित असतात आणि अयनाजवळच्या राशींत असताना अनियमित होतात, असे ते निरीक्षण होते.

कारण कळायला १६८७ साल उजाडावे लागले. न्यूटन यांनी ‘प्रिन्सिपिया’त ते मांडले. चंद्राच्या ओढीमुळे समुद्राला दोन फुगवटे येतात, एक चंद्राकडच्या बाजूला आणि दुसरा विरुद्ध बाजूला. चंद्र विषुववृत्तावर असेल तर पृथ्वीच्या एका फेरीत आपल्याला दोन्ही फुगवटे सारखेच भेटतात. चंद्र उत्तरेला असेल तर त्याच्याकडचा फुगवटा उत्तरेकडे सरकतो, विरुद्ध बाजूचा दक्षिणेकडे. मग उत्तर गोलार्धात एक भरती मोठी आणि दुसरी लहान होते. डिसेंबरमधल्या पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला असतो. मध्यरात्री तो आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो. त्या रात्री तंबूबाहेर आलो तेव्हा तो तसाच वर होता आणि मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा होतो!

मात्र खरा समुद्र या सोप्या चित्राप्रमाणे वागत नाही. जमीन पाण्याला अडवते, खोली बदलते, आखाते निमुळती होतात. म्हणून खंबायतच्या आखातात, भावनगरजवळ, पाणी दहा मीटरपर्यंत वरखाली होते, तर कोकणात दक्षिणेकडे जावे तसा हा फरक कमी होत जातो. तेव्हा प्रत्येक बंदरात मोजण्यावाचून गत्यंतर नाही. १८७० नंतरच्या दशकात भारतीय सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन बेअर्ड यांनी कच्छच्या आखातात भरतीमापक बसवून हे काम सुरू केले. मुंबईत अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. या नोंदींतून चंद्र-सूर्यांच्या वेगवेगळ्या गतींचे परिणाम वेगळे काढायचे आणि पुढच्या वर्षांसाठी पुन्हा एकत्र करायचे, ही पद्धत विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांची. ही बेरीज हाताने करणे अतिशय कष्टाचे होते. केल्विन यांनी त्यासाठी यंत्र बनवले. एका दोरीखाली अनेक कप्प्या असत. प्रत्येक कप्पी एका परिणामाच्या लयीत वरखाली होई आणि दोरीच्या टोकाची लेखणी एकूण भरतीचा आलेख काढी. भारतातल्या बंदरांसाठी असे खास यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार १८७९ मध्ये लंडनला तयार झाले. आज हे गणित संगणक करतो. भारतीय सर्वेक्षण खाते दरवर्षी भरतीची कोष्टके छापते.

मुंबईचे कोष्टक उघडून पाहावे. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारची भरती मोठी दिसेल, तर डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीची. फरक पाऊण मीटरच्या आसपास असू शकतो. आकडा लहान वाटतो, पण पुळण सपाट असते. तीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ, असा उतार धरला तर पाऊण मीटर उंचीसाठी पाणी बावीस मीटरहून अधिक आत येते. माझी पंधरा पावले म्हणजे जेमतेम अकरा मीटर!

शाळांची शिबिरे नेमकी हिवाळ्यात असतात. म्हणून जागा ठरवताना जवळच्या बंदराचे कोष्टक घ्यावे आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांतल्या, रात्रीसुद्धा, प्रत्येक भरतीची उंची पाहावी. शिबिर अष्टमीला सुरू होऊन पौर्णिमेला संपणार असेल तर पहिल्या दिवशीची पाण्याची रेषा मुळीच धरू नये; पाणी रोज वर चढत जाईल. सर्वांत मोठी भरती पुष्कळदा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, हेही ध्यानात असावे. कोष्टकाला वारा माहीत नसतो. त्यासाठी आणखी जागा सोडावी.

मुलांसाठी एक प्रयोगही होईल. चोवीस तासांतल्या दोन्ही भरत्यांच्या रेषेवर एकेक काठी रोवून अंतर मोजायचे. रात्रीची काठी मात्र पाणी ओसरल्यावर, सकाळी, ओल्या वाळूची आणि कचऱ्याची रेषा पाहून शिक्षकांच्या देखत रोवावी. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये हेच केले तर दोन काठ्या जवळ येतील. सेल्युकसचे निरीक्षण मुलांना स्वतः पडताळता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनारा नीट पाहिला. गावातल्या होड्या सुरूच्या बनाजवळ, आमच्या तंबूंच्या कितीतरी वर ओढून ठेवलेल्या होत्या. त्यांच्या पुढे वाळूवर मर्यादवेल पसरली होती. तिचे काम तिच्या नावातच आहे. ती आदल्या दिवशीही तिथेच होती. मी तिच्याकडे पाहिले नव्हते. त्या दिवशी आम्ही वेल न तुडवता तंबू तिच्या मागे नेले.